जॉन्सटाऊन: आधी धरण, मग दफनभूमी

आई-बाबा आमच्याकडे पिट्सबर्गला आले की पाहुण्यांचा ठरलेला फेरा होतो: वेंकटेश्वर मंदिर, नायगारा, वॉशिंग्टन. यंदा बाबांनी यादीत स्वतःहून एक नाव घातलं, जॉन्सटाऊन. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, सगळी नोकरी मातीच्या धरणांवर गेली. ३१ मे १८८९ ला पेनसिल्व्हेनियातलं साउथ फोर्क धरण फुटलं आणि २,२०९ माणसं मेली, हे त्यांना नोकरीच्या सुरुवातीपासून माहीत होतं. ती जागा लेकीच्या घरापासून दोन तासांवर आहे हे कळल्यावर मग त्यांना धीर निघेना.

जूनचा पहिला आठवडा ठरवला. गाडी घरची, हॉटेल जॉन्सटाऊनमध्ये. बाबांची अट एकच होती: पाणी ज्या क्रमानं खाली गेलं, त्याच क्रमानं आपण जायचं. म्हणून गावात न थांबता आधी वर, धरणाकडे.

पहिला दिवस: साउथ फोर्क

रूट २२ नं पूर्वेला निघालं की उपनगरं मागे पडून टेकड्या सुरू होतात. पुढे २१९ वर दक्षिणेला वळायचं. सकाळपासून रिमझिम होती. राष्ट्रीय स्मारकाच्या माहिती केंद्रापाशी उतरलो तेव्हा ढग इतके खाली आले होते की समोरचं खोरं अर्धंच दिसत होतं. आई गाडीतून उतरायला तयार नव्हती. बाबा मात्र छत्री न घेताच पुढे निघाले.

धरणाची दोन्ही टोकं अजून उभी आहेत. मधला भराव नाही. उत्तरेकडच्या टोकावर चालत जाता येतं. तिथे उभं राहून समोर पाहिलं की पलीकडचं टोक दिसतं, आणि मध्ये नुसती पोकळी. खाली साउथ फोर्कचा ओढा वाहतो, शेजारून रेल्वेचा फाटा जातो. जुन्या कोळशाच्या खाणींतून झिरपणाऱ्या पाण्यानं ओढ्यातले दगड गंजाच्या रंगाचे झालेत. धरण ७२ फूट उंच आणि ९३१ फूट लांब होतं. आकडे वाचून मला काही अंदाज आला नसता. तिथे कठड्याशी उभं राहिल्यावर मात्र पोटात खड्डा पडला.

धरण बांधलं राज्य सरकारनं, कालव्याला पाणी पुरवायला. काम १८३८ ला सुरू झालं आणि रखडत रखडत १८५३ ला पुरं झालं. तोवर रेल्वे आली होती, कालव्याचे दिवस संपले होते. मग धरण या हातातून त्या हातात गेलं. पायथ्याशी पाणी सोडायला बिडाचे पाच पाइप होते. मधल्या एका मालकानं ते काढून भंगारात विकले. १८७९ मध्ये बेंजामिन रफ नावाच्या माणसानं ती जागा घेतली आणि साउथ फोर्क फिशिंग अँड हंटिंग क्लब उभा राहिला. सभासद पिट्सबर्गचे बडे लोक: अँड्र्यू कार्नेगी, हेन्री क्ले फ्रिक, अँड्र्यू मेलन. उन्हाळ्यात शहराच्या धुरातून सुटून इथे यायचं, नावेत बसायचं, मासे धरायचे.

क्लबनं धरणाची डागडुजी केली ती झाडाच्या फांद्या, गवत, शेणखत आणि माती भरून. पाइप पुन्हा बसवले नाहीत. माथ्यावरून दोन घोडागाड्या शेजारून जाव्यात म्हणून माथा काही फूट खाली उतरवला. तळ्यात सोडलेले ब्लॅक बास मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्यावरच्या, म्हणजे जादा पाणी बाहेर सोडायच्या वाटेवरच्या, पुलाखाली जाळ्या बसवल्या.

हे सगळं बाबांना आधीपासून ठाऊक होतं. तरी सांडव्याची जागा दिसल्यावर ते बराच वेळ तिथून हलले नाहीत. खडकात कापलेला तो चर आजही स्पष्ट दिसतो, आता त्यात गवत आणि झाडं आहेत.

“बाबा, भिजताय,” मी म्हटलं.

“अगं, हे बघ. मातीच्या धरणाला सांडवा म्हणजे जीव. पाणी माथ्यावरून गेलं की माती टिकत नाही, तासा-दोन तासांत खेळ खलास. आणि यांनी काय केलं? माथा उतरवला, सांडव्याला जाळी लावली, खालची मोरी काढून टाकली. तळं उतरवायची सोयच ठेवली नाही. गळती दिसली तरी दुरुस्त कशी करणार?”

माहिती केंद्रातल्या रेंजरबाईंशी बाबांची चांगली जमली. बाबांचं इंग्रजी तसं जेवढ्यास तेवढं, पण फ्रीबोर्ड, स्पिलवे, सीपेज हे शब्द दोघांचेही रोजचे. त्यांनी सांगितलं की माथा मध्यभागी थोडा खचलेलाही होता. म्हणजे पाणी चढलं की पहिल्यांदा नेमकं मधूनच जाणार, जिथे भराव सगळ्यात उंच. बाबांनी कपाळाला हात लावला.

जॉन्सटाऊनमधल्या केंब्रिया आयर्न कंपनीचे प्रमुख डॅनियल मॉरेल यांना या धरणाची धास्ती होती. त्यांनी १८८० मध्ये जॉन फुल्टन या इंजिनिअरला पाहणीला पाठवलं. गळती आहे आणि पाणी सोडायला पाइप नाहीत, असा अहवाल त्यानं दिला. क्लबनं तो उडवून लावला. मॉरेलनी दुरुस्तीच्या खर्चात वाटा उचलायची तयारीही दाखवली होती. १८८५ मध्ये ते वारले आणि पाठपुरावा करणारं कुणी उरलं नाही.

३० मेच्या रात्री पाऊस सुरू झाला आणि चोवीस तासांत काही ठिकाणी सहा ते दहा इंच पडला. ३१ तारखेच्या सकाळी क्लबचे अध्यक्ष एलायस उंगर उठले ते पाणी माथ्याला टेकलेलं पाहूनच. त्यांनी मजूर लावून माथ्यावर माती चढवली, दुसऱ्या टोकाला नवा चर खणायला घेतला तर खाली खडक लागला. जाळ्या काढायचा प्रयत्न झाला, पण त्यांत कचरा गच्च अडकला होता. जॉन पार्क हा तरुण इंजिनिअर घोड्यावरून साउथ फोर्क गावात इशारा द्यायला गेला. तारा पावसानं तुटलेल्या होत्या. जे निरोप खाली पोचले त्यांची कुणी दखल घेतली नाही, कारण धरण फुटणार ही आवई तिथे दर पावसाळ्यात उठायची. दुपारी ३ वाजून १० मिनिटांनी धरण गेलं. सुमारे २ कोटी टन पाणी.

उंगर यांचं घर माहिती केंद्राला लागूनच आहे. त्यांच्या व्हरांड्यासमोरूनच तळं सुरू व्हायचं. आता तिथून खाली झाडी आणि हायवे दिसतो.

इथे बाबा अचानक गप्प झाले. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा ते नऊ वर्षांचे होते, घर नारायण पेठेत. तो विषय आमच्या घरी फार निघत नाही. आईनं त्यांच्या हातात थर्मासमधला चहा दिला आणि आम्ही थोडा वेळ व्हरांड्याच्या आडोशाला उभे राहिलो.

दुपारी सेंट मायकल गावात गेलो. हे गाव तळ्याच्या तळावर वसलंय. पाणी गेल्यावर काही वर्षांनी खाणीचं गाव म्हणून वाढलं. क्लबची मोठी इमारत आणि सभासदांच्या काही लाकडी बंगल्या अजून उभ्या आहेत. सज्जे, उतरती छपरं, तळ्याकडे तोंड. आई म्हणाली, “घरं छान आहेत गं,” आणि लगेच तिलाच ते बोलणं बरं वाटलं नाही.

जेवण जवळच्या एका छोट्या हॉटेलात. पूर्व युरोपातून आलेल्या खाणकामगारांमुळे या भागात हलुस्की मिळते: कोबी, कांदा आणि रुंद नूडल्स, भरपूर लोण्यात परतलेल्या. शाकाहारी मंडळींनी बेकन घालू नका असं आधीच सांगावं, नाहीतर हमखास येतं. आईला फार आवडली. तिनं मिरी पावडरीची अर्धी कुपी त्यावर रिकामी केली.

जाणाऱ्यांसाठी: स्मारकाला प्रवेशशुल्क नाही. उत्तर आणि दक्षिण टोकांसाठी गाडी लावायच्या जागा वेगळ्या आहेत, दोन्ही बघा. पावसात पायवाट निसरडी होते, चपला घालून जाऊ नका. दरवर्षी ३१ मेच्या संध्याकाळी इथे २,२०९ दिवे लावतात, तारीख जमवता आली तर जमवा.

दुसरा दिवस: खोऱ्यातून खाली

धरणापासून जॉन्सटाऊन सुमारे २३ किलोमीटर, आणि उतार जवळजवळ साडेचारशे फुटांचा. पाण्याला हे अंतर कापायला ५७ मिनिटं लागली. आम्हाला अख्खी सकाळ लागली, कारण बाबा दर वळणावर गाडी थांबवायला लावत होते.

आकाश मोकळं झालं होतं. लिटल कोनेमॉ नदी दोन्ही बाजूंच्या डोंगरांत चेपून वाहते. पुराच्या वाटेनं आता चालायला-सायकलला मार्ग केलाय, पाथ ऑफ द फ्लड ट्रेल. आई-बाबांना पूर्ण चालणं शक्य नव्हतं, म्हणून मिनरल पॉइंटपासून स्टेपल बेंड बोगद्याकडे जाणाऱ्या वाटेवर थोडं चाललो. बोगदा १८३३ चा, अमेरिकेतला पहिला रेल्वे बोगदा. टॉर्च न्या, आत मिट्ट काळोख असतो.

या खोऱ्यात ७८ फूट उंच दगडी रेल्वेपूल होता. वाहत आलेली झाडं आणि घरं त्याच्या कमानीत अडकली आणि पाणी काही मिनिटं थोपलं. मग पूल कोसळला आणि तेच पाणी नव्या जोरानं सुटलं. बाबांच्या मते हे लोकांच्या ध्यानात येत नाही: खोऱ्यात दुसऱ्यांदा धरण बांधलं गेलं आणि दुसऱ्यांदा फुटलं. त्याच्या लगेच खालचं मिनरल पॉइंट खडकापर्यंत धुऊन निघालं. आज तिथे मोजकी घरं आहेत. एका अंगणात कपडे वाळत होते, एक कुत्रं आमच्यावर भुंकलं.

ईस्ट कोनेमॉमध्ये जॉन हेस हा इंजिनचालक होता. पाण्याचा आवाज ऐकून त्यानं इंजिनाची शिट्टी दोरीनं बांधून सतत वाजत ठेवली आणि इंजिन उलटं गावाकडे पिटाळलं. त्या शिट्टीनं कित्येक जण डोंगराकडे पळाले. खालच्या बहुतेकांना मिळालेला हा एवढाच इशारा. पुढे वुडवेलमध्ये गॉटियर कंपनीचा काटेरी तारेचा कारखाना होता. पाण्यानं तो उचलला आणि तारेची भेंडोळी लाटेत मिसळली. ४ वाजून ७ मिनिटांनी लाट जॉन्सटाऊनमध्ये शिरली तेव्हा तिच्यात नुसतं पाणी नव्हतं: घरं, रेल्वेचे डबे, झाडं, जनावरं, माणसं आणि त्या सगळ्यांना गुंडाळणारी तार.

दुपारी पूरसंग्रहालय. इमारत देखणी, विटांची. पूर्वीचं ग्रंथालय पुरात गेलं आणि हे नवं बांधायला पैसे दिले अँड्र्यू कार्नेगीनं. तोच, क्लबचा सभासद. मदतनिधी म्हणून क्लबनं हजार ब्लँकेटं पाठवली होती. मी त्या दारात उभी राहून ही दोन वाक्यं पुन्हा पुन्हा मनात म्हटली.

आत खोऱ्याचा मोठा उठावाचा नकाशा आहे. दिवे लागत जातात आणि पाणी कुठून कसं उतरलं ते दिसतं. पुरानंतर बेघरांसाठी आणलेलं लाकडी तयार घरही आहे, ओक्लाहोमा हाऊस. आत डोकावलं तर एक खोली आणि जेमतेम हालचालीपुरती जागा. अमेरिकन रेड क्रॉसच्या संस्थापक क्लारा बार्टन ५ जूनला इथे आल्या, तेव्हा त्यांचं वय ६७. पाच महिने त्या इथून हलल्या नाहीत. रेड क्रॉसची युद्धाशिवायची ही पहिली मोठी कामगिरी.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो शवागारांच्या नोंदींपाशी. शाळा, चर्च, जिथे छप्पर शिल्लक तिथे शवागारं उघडली होती. ओळख पटली नाही तर क्रमांक, अंदाजे वय, केसांचा रंग, अंगावरचे कपडे, बोटातली अंगठी, खिशात सापडलेल्या वस्तू असं लिहून ठेवत. कुणी शोधत येईल आणि त्या अंगठीवरून ओळखेल, या आशेवर. आईनं मला हळूच विचारलं, “लहान मुलांच्या खिशात काय असणार गं?” पुरात ३९६ मुलं गेली आणि ९९ घरांत तर कुणीच उरलं नाही. मग शोधायला यायचं कुणी?

तिथे स्वयंसेवक म्हणून बसलेल्या एका आजींशी गप्पा झाल्या. वय ऐंशीच्या पुढे. त्यांनी १९७७ चा पूर स्वतः पाहिलाय. १९३६ च्या पुरानंतर सरकारनं नद्यांना काँक्रीटचे काठ घातले आणि जॉन्सटाऊन पूरमुक्त शहर म्हणून मिरवायला लागलं. जुलै १९७७ मध्ये एका रात्रीत प्रचंड पाऊस झाला आणि लॉरेल रनचं मातीचं धरण फुटलं. “आम्हाला वाटायचं, ते १८८९ चं होतं,” आजी म्हणाल्या. बाबांना भारतातलं काय काय विचारत होत्या. आम्ही निघालो तेव्हा त्यांनी आईचा हात हातात घेतला आणि सांगितलं, उद्या सकाळी ग्रँडव्ह्यूला जा, दुपारी ऊन तापतं, वर सावली कमी आहे.

बाहेर आल्यावर गोड खायचं सुचवलं नवऱ्यानं. इथली खासियत गॉब: दोन मऊ चॉकलेट केकच्या चकत्या आणि मध्ये पांढरं क्रीम. बेकरीत, पेट्रोल पंपावर, कुठेही मिळतात. बाबांनी एक खाल्ला, दुसरा रुमालात गुंडाळून खिशात ठेवला.

संध्याकाळी स्टोन ब्रिज. पेनसिल्व्हेनिया रेल्वेमार्गाचा सात कमानींचा हा दगडी पूल पुराच्या जेमतेम वर्षभर आधी पुरा झाला होता. लाटेनं आणलेलं सगळं त्याच्या कमानींपाशी अडकलं, सुमारे ३० एकरांचा ढिगारा. काटेरी तारेनं तो जखडून ठेवला, त्यात जिवंत माणसं होती. मग त्याला आग लागली. आगीत मेलेल्यांचा आकडा ८० च्या आसपास सांगतात. आजही त्यावरून गाड्या जातात. आम्ही असताना एक लांबलचक मालगाडी गेली, डबे संपता संपेनात. रात्री पुलावर रंगीत दिवे सोडतात. मला ते रुचलं नाही. तिथे जे घडलं त्यावर निळा-जांभळा प्रकाश नको होता.

जाणाऱ्यांसाठी: संग्रहालयाला तिकीट आहे, हिवाळ्यात वेळा बदलतात, आधी पाहून जा. लहान मुलं बरोबर असतील तर शवागाराचा भाग त्यांना दाखवायचा की नाही ते आधीच ठरवा.

तिसरा दिवस: ग्रँडव्ह्यू

आजींचं ऐकून सकाळी लवकर निघालो. दफनभूमी गावाच्या वर, वेस्टमाँटच्या टेकडीवर आहे. पुरानंतर १८९१ मध्ये त्या चढावर इन्क्लाइन प्लेन बांधली, तिरक्या रुळांवरून वर-खाली जाणारे डबे, ज्यांत मोटारसुद्धा चढते. उतार सत्तर टक्क्यांच्या वर. लोकांना उंचावर राहायला जाता यावं म्हणून ती सोय होती, आणि पुढच्या पुरांत तिनं माणसं वाचवलीही. आम्ही गेलो तेव्हा ती दुरुस्तीसाठी बंद होती, म्हणून रस्त्यानं वर चढलो.

दरीत धुकं भरलेलं आणि वर लख्ख ऊन. नुकताच मेमोरियल डे होऊन गेला होता, सैनिकांच्या कबरींपाशी छोटे झेंडे तसेच होते. १८८९ मध्येही ३० मेला हाच दिवस पाळला होता, तेव्हाचं नाव डेकोरेशन डे. गावात मिरवणूक निघाली, लोकांनी कबरींवर फुलं वाहिली. दुसऱ्या दिवशी त्यांतलेच कित्येक गेले.

अनोळखींचा विभाग शोधावा लागत नाही. ग्रॅनाइटचं उंच स्मारक दिसतं आणि त्याच्या मागे पांढऱ्या दगडांच्या रांगा, ७७७. मृतांपैकी तिसऱ्या हिश्शाहून जास्त लोकांची ओळख कधीच पटली नाही. आधी त्यांना ठिकठिकाणी घाईनं पुरलं होतं, मग त्याच शरद ऋतूत उकरून इथे आणलं. स्मारकाचं अनावरण ३१ मे १८९२ ला झालं, तेव्हा हजारो लोक टेकडी चढून आले होते.

मी एका दगडापाशी खाली बसले. गुडघ्याच्याही खाली येईल एवढा, वरची कड किंचित गोल झिजलेली. उत्तरेच्या बाजूनं करडं-हिरवं दगडफूल धरलंय. यंत्रानं कापलेल्या गवताचा चुरा तळाशी ओला चिकटला होता. पुढून हात फिरवला, मागून फिरवला. नाव नाही, क्रमांक नाही, तारीखसुद्धा नाही. शेजारचा तसाच. त्याच्या शेजारचा तसाच.

आई रांगांमधून एकटीच चालत होती, ओठ हलत होते. तिचं स्तोत्र चालू होतं, मी मध्ये पडले नाही.

पलीकडे घरोघरच्या नावांच्या कबरी आहेत. तिथे एका करड्या शिळेपाशी साठीचे एक गृहस्थ कात्रीनं गवत कापत होते. शिळेवर वरून खाली पाच नावं, जन्मतारखा वेगवेगळ्या, मृत्यूची तारीख पाचही वेळा तीच: ३१ मे १८८९. सगळ्यात खालच्या नावापुढे वय फक्त महिन्यांत. आम्ही थबकलो तसे ते उभे राहिले आणि नवऱ्याशी बोलायला लागले. त्यांच्या पणजीचं हे माहेर. ती त्या दिवशी नातेवाइकांकडे दुसऱ्या गावी होती म्हणून वाचली.

“पाचही इथेच आहेत का?” बाबांनी विचारलं.

त्यांनी मान हलवली. शिळेखाली दोघंच आहेत. बाकी तिघं सापडली नाहीत, निदान त्यांचं म्हणून कुणी सापडलं नाही. पणजीनं पाचही नावं कोरून घेतली. मग त्यांनी कात्रीनंच पांढऱ्या रांगांकडे खूण केली. “असतील तर तिथे असतील.” दर वर्षी ते इथे फुलं ठेवतात तेव्हा थोडी तिकडेही ठेवतात, कुठल्याही एका दगडापाशी. मागच्या वर्षीच्याच दगडापाशी ठेवायची नाहीत, एवढा नेम.

म्हणजे इथे नाव आहे आणि माणूस नाही, तिथे माणूस आहे आणि नाव नाही, मध्ये पन्नास-साठ पावलं. मी ते अंतर चालून पाहिलं. सव्वाशेहून जास्त वर्षं ते अंतर मिटलेलं नाही आणि आता मिटणारही नाही.

बाबा शिळेपुढे बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, “तारीख आहे. पण का मेले ते कुठेच लिहिलेलं नाही.” मी म्हटलं, बाबा, कबरीवर कुणी कारण लिहितं का? “नसेल लिहीत. पण ही तारीख वाचून परगावच्या माणसाला वाटणार, मोठा पाऊस झाला असेल. पाऊस झालाच. पण पाऊस सगळीकडे झाला, माणसं याच खोऱ्यात मेली.”

त्या गृहस्थांना आम्ही याचा अर्थ सांगितला. त्यांनी बाबांचा हात घट्ट दाबला. क्लबवर दावे झाले होते, ते म्हणाले, पण कोर्टात कुणावरच जबाबदारी लागली नाही. देवाची करणी ठरली. क्लबच्या नावावर तसा पैसाही नव्हता आणि सभासदांच्या वैयक्तिक मालमत्तेला हात लागला नाही. पुढच्या काळात अमेरिकी कोर्टांनी धोकादायक साठ्याच्या मालकाला थेट जबाबदार धरायला सुरुवात केली, त्यात या पुराचा वाटा मानतात. या शिळेवरच्या पाच जणांना त्याचा उपयोग नव्हता.

माझं स्वतःचं मत विचाराल तर देवाची करणी हे शब्द मला त्या टेकडीवर सहन झाले नाहीत. जाळी माणसांनी लावली. माथा माणसांनी उतरवला. सावध करणारा अहवाल नऊ वर्षं आधी लिहिलेला होता. त्या क्लबच्या सभासदांची नावं आजही विद्यापीठांवर, संग्रहालयांवर आहेत, आमच्या पिट्सबर्गमध्ये तर पावलोपावली. आणि इथे ७७७ दगड कोरे. मी कार्नेगी ग्रंथालयातूनच मुलांसाठी पुस्तकं आणते, पुढेही आणीन. पण दारावरचं नाव आता मला तसंच वाचता येणार नाही.

जाणाऱ्यांसाठी: दफनभूमी मोठी आहे, आत गाडी नेता येते, पण अनोळखींच्या विभागात चालतच फिरा. आजही तिथे दफनं होतात, एखाद्या घरचे लोक आलेले असतील तर अंतर ठेवा. पाणी आणि टोपी बरोबर असू द्या. बरेच जण वेळ नाही म्हणून फक्त संग्रहालय आणि ग्रँडव्ह्यू करून परत जातात. एकच दिवस असेल तर संग्रहालय सोडा, पण साउथ फोर्क सोडू नका, आणि सकाळी पहिल्यांदा तिथेच जा. सांडवा पाहिल्यावर हे दगड वेगळे दिसतात.

परतीच्या वाटेवर बाबांनी खात्यातल्या जुन्या सहकाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो टाकले. कबरींचा एकही नाही. सांडव्याचा चर, खचलेला माथा जिथे होता ती पोकळी, आणि माहितीफलकावरचा जाळ्यांचा उल्लेख. भारतात तेव्हा पहाट होत होती. पहिलं उत्तर कोकणातल्या एका निवृत्त शाखा अभियंत्यांचं आलं, एकाच शब्दाचं: तिवरे. २ जुलै २०१९ ला चिपळूण तालुक्यातलं ते धरण फुटलं, त्याच्याही गळतीबद्दल गावकऱ्यांनी आधी तक्रारी केल्या होत्या. मग एकेक जण उठत गेले आणि लिहीत गेले. भरावावर वाढलेली झाडं, सांडव्यात झालेली अतिक्रमणं, गंजून न उघडणारी दारं, फायलीत पडून राहिलेले पाहणी अहवाल. पिट्सबर्ग येईपर्यंत बाबा मागच्या सीटवर चष्मा लावून सगळ्यांना उत्तरं देत होते.